टर्बो गाडीतले ऑइल जाते कुठे?

(दृश्य: सिंहगडाचा घाटरस्ता. वळणावरून दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या मोटारी.)

रविवारी सकाळी सिंहगडाच्या घाटात मोटारींची रांग लागते. पायथ्यापासून वरच्या वाहनतळापर्यंतचा रस्ता अरुंद, चढाचा आणि वळणांचा असल्यामुळे गाडी बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच असते. एक लिटरचे लहान टर्बो पेट्रोल इंजिन चार माणसांना घेऊन हा चढ चढते ते टर्बोचार्जरच्या जोरावर. वर जागा मिळाली की चालक लगेच गाडी बंद करतो. इंजिन थांबते आणि त्याबरोबर ऑइलचा पंपही थांबतो. टर्बो मात्र तापलेलाच राहतो, आणि त्याच्या बेअरिंगमध्ये अडकून राहिलेले थोडेसे ऑइल तिथल्या तिथे करपू शकते.

टर्बोची कल्पना जुनी आहे. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. एरवी वाया जाणाऱ्या धुराच्या जोराने एक चाक फिरवायचे आणि त्याच शाफ्टवरच्या दुसऱ्या चाकाने हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची, एवढाच तिचा गाभा. टर्बो असलेल्या मोटारी अमेरिकेत १९६२ साली विक्रीस आल्या. पुण्याचा या यंत्राशी असलेला संबंध तर कारखान्यांचा आहे. रांजणगावला बनलेले १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन एकाहून अधिक कंपन्यांच्या गाड्यांत बसले, चाकणमध्ये एक लिटरची टर्बो पेट्रोल इंजिने तयार होतात, आणि वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेत गाड्यांच्या धुराची अधिकृत चाचणी होते. इतके सगळे आपल्या आसपास असूनही टर्बो गाडीच्या ऑइलविषयी दोन टोकाची मते शहरात ऐकू येतात. काही जण म्हणतात की टर्बो गाडी ऑइल खाणारच, तिकडे पाहू नये. काहींना पाव लिटर कमी दिसले तरी टर्बो गेला असे वाटते. दोन्ही मते न मोजता बनलेली आहेत.

(दृश्य: टेबलावर उघडलेला टर्बोचार्जर. मेकॅनिकच्या बोटांनी शाफ्ट हळूच फिरतो.)

मोटारीच्या लहान टर्बोचा शाफ्ट पूर्ण जोरात मिनिटाला २ लाख फेऱ्यांच्या आसपास फिरतो, तर इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, क्वचितच ६,००० च्या वर जातो. पेट्रोल इंजिनात टर्बाइनवर, म्हणजे धुराने फिरणाऱ्या चाकावर, येणारा धूर ९०० ते १,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असू शकतो. डिझेलमध्ये तो ८०० अंशांच्या घरात असतो. अशा वेगाने आणि अशा उष्णतेशेजारी फिरणारा हा शाफ्ट बहुतेक गाड्यांत ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाची असते. हे ऑइल शाफ्टला आधार देते आणि उष्णताही वाहून नेते. इंजिनाच्या पंपाकडून ते दाबाने येते आणि परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते तिथे, जाते ते केवळ स्वतःच्या वजनाने, खालच्या रिटर्न पाइपमधून.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण टर्बोविषयीचे बहुतेक चुकीचे निदान याच जागी होते. शाफ्टच्या दोन्ही टोकांना रबरी सील नसते. पिस्टनला असते तशी धातूची एक बारीक रिंग असते, आणि ऑइल अडवण्याचे बरेचसे काम बाहेरील हवेचा व धुराचा दाब करतो. त्यामुळे रिटर्न पाइप करपलेल्या ऑइलने अर्धवट बुजला, किंवा ब्रीदर, म्हणजे चेंबरमधला वायू बाहेर सोडणारी नळी, तुंबल्यामुळे चेंबरमधला दाब वाढला, की ऑइलला खाली उतरायला वाट राहत नाही आणि ते रिंगेवरून बाहेर पडते. एअर फिल्टर धुळीने भरला तरीही असेच घडते, कारण इंजिन हवा ओढू लागते, कंप्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या, चाकामागे दाब कमी होतो आणि ऑइल त्या बाजूला खेचले जाते. रस्ता वर्षानुवर्षे उकरलेला असलेल्या उपनगरांतून रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेतील मुदतीआधीच भरतो, हे पुण्यात कोणाला वेगळे सांगायला नको. अशा प्रत्येक प्रसंगी टर्बो ओला दिसतो, पण दोष त्याचा नसतो. नवा टर्बो बसवला तर तोही काही दिवसांत ओला होतो.

(दृश्य: गॅरेज. बॉनेट उघडलेले. गाडीमालक आणि मेकॅनिक.)

मालक: “दादा, टर्बोच गेलाय का? दुसरीकडे दाखवली तर त्यांनी तसंच सांगितलं.”

मेकॅनिक: “साहेब, टर्बोचं नंतर बघू. आधी ब्रीदर आणि रिटर्न पाइप खोलून बघू द्या. शाफ्ट हलतोय म्हणाले असतील, तर थोडा हलणारच. ऑइल नसताना फट मोकळी असते. पाती घासलेली असली तर मग बोला.”

हे म्हणणे अगदी बरोबर आहे. बंद टर्बोचा शाफ्ट आडव्या दिशेने किंचित हलणे स्वाभाविक आहे. तो पुढे-मागे जाणवण्याइतका सरकणे, किंवा पात्यांच्या कडा बाहेरच्या कवचाला घासल्याच्या खुणा दिसणे, हे मात्र बेअरिंग झिजल्याचे लक्षण आहे.

ऑइल खर्च होण्याच्या बाकीच्या वाटा टर्बोबाहेरच्या आहेत आणि बहुतांश ऑइल त्याच वाटांनी जाते. टर्बोमुळे सिलिंडरमधील दाब वाढतो, म्हणून पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली चेंबरमध्ये शिरणारा वायूही वाढतो. हा वायू ऑइलचे बारीक थेंब घेऊन ब्रीदरमधून पुन्हा हवेच्या वाटेवर येतो आणि जळतो. टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपमध्ये आतून हलका ओलसर थर दिसतो तो यामुळेच, आणि तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. इंधन वाचावे म्हणून अलीकडच्या इंजिनांत रिंगांचा ताण कमी ठेवलेला असतो आणि ऑइलही पातळ असते. त्यात ऑइल बदलण्यास उशीर झाला तर ऑइल रिंगेची बारीक छिद्रे काजळीने बुजतात, रिंग खाचेत चिकटते आणि भिंतीवरचे ऑइल पुसले न जाता वरच जळून जाते. एकदा रिंग चिकटली की इंजिन खोलण्यावाचून खात्रीचा उपाय क्वचितच उरतो.

कोणत्या क्षणी धूर येतो, यावरून पुष्कळ कळते. खंडाळ्याचा घाट उतरताना पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बराच वेळ बंद असतो, आत पोकळी तयार होते आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून व रिंगांवरून ऑइल ओढले जाते. खाली सपाटीला ॲक्सिलरेटर दाबताच निळ्या धुराचा एक झोत निघाला, तर आधी तिकडे पाहावे. जोर घेत असताना निळा धूर सतत येत राहिला, तर रिंगा किंवा टर्बो यांच्याकडे संशय जातो. पण धूर दिसत नाही म्हणून ऑइल जळत नाही, असे समजणे धोक्याचे आहे. धूर स्वच्छ करणारा तापलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थोडेफार ऑइल जाळून टाकतो, आणि गाडी कोणताही धूर न सोडता हजारो किलोमीटर ऑइल संपवत राहू शकते. डिझेल गाडीत तर जळलेल्या ऑइलची राख धुराच्या गाळणीत, म्हणजे डीपीएफमध्ये, साठते. काजळी तिथे जाळून साफ करता येते, राख जळत नाही. म्हणून बीएस-६ डिझेल गाडीला कमी राख सोडणाऱ्या प्रकारचेच ऑइल घालावे लागते.

एक धोका क्वचित ओढवणारा, पण माहीत असावाच असा आहे. डिझेल गाडीचा टर्बो खरोखरच फुटला आणि इंटरकूलरमध्ये पुष्कळ ऑइल साठले, तर इंजिन तेच ऑइल इंधन म्हणून ओढू लागते, आपोआप वेग घेते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडून इंजिन बंद पाडणे हा त्यावरचा उपाय आहे. अशा वेळी इंजिनाजवळ वाकून उभे राहू नये.

(दृश्य: ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, जवळून. खालची आणि वरची खूण.)

आता मुख्य मुद्दा. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा पातळी दाखवत नाही, तो दाब दाखवतो. पातळी खालच्या खुणेच्याही पुष्कळ खाली गेल्यावर, वळणावर किंवा चढावर पंपाच्या तोंडाशी हवा आली की तो लागतो, आणि तोपर्यंत टर्बोचे बेअरिंग कोरडे फिरलेले असते. काही गाड्यांत पातळीचा वेगळा सेन्सर असतो, पुष्कळ गाड्यांत नसतो. बऱ्याच इंजिनांत डिपस्टिकच्या दोन खुणांमधील अंतर एक लिटरच्या आसपास असते, आणि काही उत्पादक दर १,००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खर्च आपल्या पुस्तिकेत स्वाभाविक म्हणून नोंदवतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. १,००० किलोमीटरला ०.३ लिटर ऑइल जात असेल, तर वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत यायला साधारण ३,३०० किलोमीटर लागतात. सर्व्हिसिंग मात्र १०,००० किलोमीटरला असते. उत्पादकाच्या मते निर्दोष असलेल्या या गाडीतले ऑइल मालकाने बॉनेट उघडलेच नाही तर वाटेतच खालच्या खुणेच्या पुष्कळ खाली जाते. मला या विषयात सर्वांत जास्त काळजी वाटते ती या अंतराची. तिथे दोष यंत्राचा नसतो, पण भुर्दंड मोठा पडतो.

डिपस्टिक फसवूही शकते. घरापासून कार्यालयापर्यंत चार-पाच किलोमीटर जाणाऱ्या, सिग्नलला थांबत चालणाऱ्या गाडीत इंजिन पूर्ण तापत नाही आणि थोडे पेट्रोल रिंगांवरून ऑइलमध्ये उतरते. जेवढे ऑइल जळाले तेवढे पेट्रोल मिसळले, की पातळी महिनोन्‌महिने जागची हलत नाही. मग मालक सुटीत कोल्हापूरला जातो, ऑइल तासन्‌तास तापते, पेट्रोल उडून जाते आणि परत आल्यावर पातळी एकदम खाली दिसते. त्या एका प्रवासात गाडीने ऑइल खाल्ले असे वाटते, प्रत्यक्षात आधीचा खर्च त्या प्रवासात उघडा पडतो. डिझेल गाडीत डीपीएफ साफ होण्याची प्रक्रिया शहरातील वाहतुकीत पुन्हा पुन्हा अर्धवट राहिली, तर डिझेल चेंबरमध्ये उतरून पातळी उलट वर चढते. वर चढलेली पातळी हीसुद्धा तक्रारच समजावी, कारण ते ऑइल पातळ झालेले असते.

जाड ऑइल घालून खर्च थांबवण्याचा सल्ला नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात सहज मिळतो. जुन्या, टर्बो नसलेल्या इंजिनात त्याने काही काळ निभावले असेल. परंतु ज्या टर्बोच्या ऑइल वाहिन्या ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडच्या ऑइलसाठी आखलेल्या आहेत, तिथे सकाळी थंड इंजिन सुरू होताना जाड ऑइल बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते. पुस्तिकेतील ग्रेड आणि त्यापुढे लिहिलेले मानक, दोन्ही डब्यावर जुळवून पाहावे. ऑइल किती उडते हेही त्या मानकात आलेले असते. नोॲक चाचणीत ते तासभर २५० अंशांवर तापवतात आणि वजनातील घट मोजतात. एसीईए या युरोपीय मोटार उत्पादकांच्या संघटनेच्या सी३ वर्गात ही घट १३ टक्क्यांच्या वर चालत नाही.

मोजण्याची पद्धत साधी असली तरी ती काटेकोरपणे पाळावी लागते. गाडी सपाट जागी, प्रत्येक वेळी त्याच जागी, उभी करावी. इंजिन तापलेले असावे आणि बंद करून दहा मिनिटे झालेली असावीत. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. १,००० किलोमीटरनंतर पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरावे आणि भरण्याआधी व भरल्यानंतर डब्याचे वजन घरच्या काट्यावर करावे. एक लिटर इंजिन ऑइलचे वजन साधारण ८५० ग्रॅम असते, त्यामुळे डोळ्यांच्या अंदाजापेक्षा हा हिशोब अधिक नेमका होतो. शहरातले आणि महामार्गावरचे किलोमीटर वेगळे नोंदवले, तर वर सांगितलेली पेट्रोलची फसवणूकही लक्षात येते.

(दृश्य: वहीतील नोंदी. तारीख, किलोमीटर, ग्रॅम.)

अशा तीन-चार नोंदींत आकडा स्थिर राहिला आणि पुस्तिकेतील मर्यादेच्या आत असला, तर पातळी राखत गाडी निर्धास्त वापरावी. आकडा प्रत्येक वेळी वाढत गेला, तर गाडी वॉरंटीत असतानाच अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे लेखी तक्रार द्यावी आणि ऑइलच्या खर्चाची चाचणी मागावी. या चाचणीत ऑइल भरून ड्रेन प्लग आणि झाकण यांवर खूण किंवा सील केले जाते, ठरलेले अंतर चालवून गाडी परत आणायला सांगतात आणि उरलेले ऑइल मोजतात. चाचणीचा कागद सहीशिक्क्यासह मागून घ्यावा, आणि मधल्या काळात पातळी खाली गेली तर स्वतः ऑइल न घालता आधी केंद्राला कळवावे. अन्यथा चाचणी पहिल्यापासून करावी लागते.