नत्रूनच्या खोऱ्यातले मठ

कैरोहून सकाळी निघालं की अलेक्झांड्रियाकडे जाणाऱ्या वाळवंटातल्या रस्त्यावर साधारण शंभर किलोमीटरवर वादी नत्रून येतं. ख्रिस्ती संन्याशांच्या जुन्या मठांचं हे खोरं. एका दिवसात जाऊन येण्यासारखं. आमच्या गाडीतल्या गाईडने वाटेत सांगितलं, "हे संन्यासी जग सोडून इथे आले." सगळ्यांसारखी मीही मान डोलावली. संध्याकाळी परतताना मात्र ते वाक्य मला पटेनासं झालं होतं. असं का झालं, तेच आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

आधी जागा बघू. समुद्रसपाटीच्याही खाली गेलेलं हे खोरं आहे. त्यात खाऱ्या पाण्याची तळी आहेत. पाणी आटलं की काठावर पांढरा क्षार उरतो, तो नत्रून. प्राचीन इजिप्तमध्ये ममी करताना देह सुकवायला हाच क्षार वापरत. म्हणजे संन्यासी येण्याआधी कितीतरी शतकं इथे माणसांची आणि जनावरांची वर्दळ होती. चौथ्या शतकात ज्याने इथे तपाला सुरुवात केली त्या मकारिउसबद्दल परंपरा असं सांगते की, तरुणपणी तो उंटांवरून नत्रूनच वाहून न्यायचा. पोटापाण्यासाठी तुडवलेल्या वाटेवरच तो पुढे कायमचा राहिला! मला ही गोष्ट फार आवडते.

त्याच्यामागून शेकडो लोक आले. तेव्हा मठ म्हणजे तटबंदी नव्हे. विखुरलेल्या कोठड्या, प्रत्येकीत एकदोन माणसं. दिवसभर खजुराच्या पात्यांच्या टोपल्या विणायच्या, तोंडाने स्तोत्रं चालू ठेवायची, आणि शनिवार-रविवारी एकत्र येऊन प्रार्थना करायची, जेवायचं.

आम्ही पहिल्यांदा बरामूसच्या मठात गेलो. तिथे मोशे नावाच्या संताचे अवशेष आहेत. हा आधी दरोडेखोर होता. एकदा कुणा मठवासीयाकडून चूक झाली आणि न्याय करायला वडीलधाऱ्यांची सभा बसली. मोशेला बोलावणं गेलं. तो आला तो पाठीवर एक फुटकी टोपली घेऊन, आणि तिच्यातून वाळू गळत होती. लोकांनी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "माझी पापं माझ्या मागे अशी सांडताहेत, ती मला दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला आलोय." सभेने त्या माणसाला क्षमा केली. दीड हजारांहून अधिक वर्षं ही गोष्ट तिथे सांगितली जाते. आम्हाला ती सांगणारा मठवासी तरुण होता, शिक्षणाने इंजिनिअर. सगळे त्याला 'अबूना' म्हणत होते. अबूना म्हणजे 'आमचे वडील'. आपण एखाद्या साधूला 'बाबा' म्हणतो तसंच.

हाच मोशे इ.स. ४०७च्या सुमारास वाळवंटातल्या टोळ्यांच्या हल्ल्यात मारला गेला. असे हल्ले पुढेही होत राहिले. आज आपण ज्यांचे फोटो काढतो ते बुरूज त्यातून आले. बुरुजाचं दार जमिनीवर नाही, वरच्या मजल्यावर आहे. समोरून लाकडी पूल टाकायचा आणि सगळे आत गेले की उचलून घ्यायचा. आत धान्य, विहीर, आणि सर्वांत वर देवदूत मिखाएलचं प्रार्थनाघर. नवव्या शतकात मठांभोवती उंच भिंती उभ्या राहिल्या. शांततेसाठी आलेल्यांना किल्ला बांधावा लागला.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर गेलो होतो, त्या 'देर अस-सुरयान'कडे येऊ. 'देर' म्हणजे मठ. हा सिरियन लोकांचा. इराकमधल्या तिक्रितहून आलेल्या व्यापाऱ्यांचा त्याला मोठा आधार होता आणि कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधले ख्रिस्ती, व सिरियन संन्यासी तिथे एकत्र राहत. दहाव्या शतकात निसिबिसचा मोशे, हा दुसरा मोशे, तिथला मठाधिपती होता. संन्याशांवर कर बसला, तो माफ करून घ्यायला हा माणूस ९२७ साली थेट बगदादला खलिफाकडे गेला. ९३२ साली परतला तेव्हा त्याच्याबरोबर २५० हस्तलिखितं होती! कराच्या कामाला गेलेला माणूस ग्रंथालय घेऊन घरी आला. त्याच्याच काळातलं गर्भगृहाचं दार तिथे अजून आहे, काळ्या शिसवीत हस्तिदंत बसवलेलं. त्यापुढे मी बराच वेळ उभा होतो. गाडी सुटायची वेळ झाली म्हणून गाईडने दोनदा हाक मारली.

शेजारच्या अनबा बिशोईच्या मठात कॉप्टिक चर्चचे प्रमुख असलेले पोप शनूदा तिसरे यांची समाधी आहे. १९८१ साली राष्ट्राध्यक्ष सादात यांनी त्यांना इथेच स्थानबद्ध केलं, ते १९८५पर्यंत. तरुणपणी ते सुरयान मठातच संन्यासी झाले होते. समाधीपाशी आजही कुटुंबंच्या कुटुंबं येतात, कागदावर लिहिलेल्या विनंत्या ठेवतात.

मकारिउसचा मठ थोडा लांब पडतो. १९६९ साली तिथे मोजकेच वृद्ध उरले होते, तेव्हा मत्ता अल-मिस्कीन नावाचे संन्यासी आपल्या बारा साथीदारांसह आले आणि मठ पुन्हा भरला. आम्हाला तिथे जायला वेळ उरला नाही, याची चुटपुट अजून आहे. तुम्ही जाल तेव्हा मोठ्या उपवासांचे दिवस टाळा, कारण तेव्हा काही मठ पाहुण्यांना बंद असतात.

हस्तलिखितांचं पुढे काय झालं तेही सांगतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रज प्रवाशांनी सुरयानमधल्या शेकडो पोथ्या विकत घेऊन लंडनला नेल्या. त्यांत एक पोथी एडेसा शहरात इ.स. ४११ साली लिहिलेली आहे. सिरियाक म्हणजे सिरियन ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा; तारीख नोंदलेल्या सिरियाक पोथ्यांमध्ये ती सर्वांत जुनी. पोथी लंडनला गेली, पण तिच्या शेवटच्या पानाचा तुकडा मागे राहिला. तो अलीकडे मठातल्याच त्या जुन्या बुरुजात, तुकड्यांच्या ढिगाऱ्यात सापडला. आज मठाच्या नव्या ग्रंथालयात तिथले मठवासी आणि बाहेरून आलेले जाणकार एकेक तुकडा हातात घेऊन बसतात आणि तो कुठल्या पोथीचा, कुठल्या ओळीचा, हे शोधतात.