सासऱ्यांचं धोतर, भंगारातली खिडकी आणि यंदाचं मखर

नमस्कार मंडळी.

(धोतर दोन्ही हातांनी पसरून कॅमेऱ्यासमोर धरते)

आधी हे बघा. हे माझ्या सासऱ्यांचं धोतर. इथं, इथं आणि परत इथं, असे तपकिरी डाग दिसताहेत ना? एकाच मापाचे, ठरावीक अंतरावर. हे पुराचे डाग आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं घर गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीत. कपाटाच्या खालच्या खणात हे धोतर घडी करून ठेवलेलं होतं, म्हणून डाग एका जागी न पडता घडीघडीवर पडलाय. गाळाचा डाग. किती धुतलं तरी निघाला नाही.

पाणी ओसरलं, घर धुऊन काढलं आणि बघतो तर गणपती जेमतेम तीन आठवड्यांवर. २ सप्टेंबरला चतुर्थी होती त्या वर्षी. त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ च्या मार्चमध्ये, राज्यात थर्माकोलवर बंदी आली होती, म्हणून आम्ही पुठ्ठ्याचं तयार मखर आणलं होतं. छान होतं, नक्षीबिक्षी कापलेली. माळ्यावर जागा नव्हती म्हणून पलंगाखाली ठेवलेलं, त्याचा लगदा झाला. सोनेरी कागदाची फुलं, झिरमिळ्या, सगळं गाळाबरोबर रस्त्यावरच्या ढिगात गेलं.

पण पितळेचा हंडा होता. कळशी होती. शिसवी पाट होता. वरच्या खणातल्या साड्या होत्या. आणि हे डागाळलेलं धोतर होतं. त्या वर्षी आम्ही एवढ्यावरच गणपती बसवला. तेव्हापासून आमच्या घरात सजावटीचा एकच नियम आहे. मखरातली प्रत्येक वस्तू गणपतीच्या आधी घरात काहीतरी काम करत असली पाहिजे आणि विसर्जनानंतर परत कामाला गेली पाहिजे. दहा दिवसांपुरतं काही आणायचं नाही.

म्हणजे विकत काहीच घ्यायचं नाही का? घेते की. पण जुनं घेते, आणि घेताना विचार करते की आश्विनात ही वस्तू कुठं असेल. उत्तर सुचलं नाही तर दुकानातून हात हलवत परत येते.

आता यंदाची खरेदी दाखवते.

(खिडकीची चौकट ओढून पुढं आणते)

ही सागवानी खिडकी. ३ बाय ४ फूट, उभे लोखंडी गज. जुने वाडे पाडले की चौकटी, खिडक्या, तुळया जुन्या लाकडाच्या वखारीत येऊन पडतात. आपल्याकडं अशा वखारी आहेत, तुमच्याही गावात असतील. मला ही साडेतीनशे रुपयांना मिळाली, कारण एक झडप गेलेली होती आणि मला झडप नकोच होती.

वखारीत गेलात तर चौकट उचलून जमिनीवर दोनदा आपटा. बारीक भोकं दिसली म्हणून घाबरू नका, भुंगा पोखरून कधीच निघून गेलेला असू शकतो. पण आपटल्यावर भोकांतून पिठासारखी पांढरट, ताजी भुकटी पडली तर ती चौकट घेऊ नका. आत कीड जिवंत आहे. ती तुमच्या घरातल्या फर्निचरला लागेल.

दुसरं जास्त महत्त्वाचं, रंगाचं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडं घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा, दहा लाख भागांत ९० भाग, ही २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. वाड्याच्या खिडकीवरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून हा रंग कोरडा घासायचा नाही. त्याची धूळ श्वासातून आत जाते, आणि घरात लहान मूल असेल तर तो धोका अजिबात पत्करू नका. मी सुटलेले पोपडे ओल्या फडक्यानं पुसून काढले, ओला पॉलिशपेपर हलक्या हातानं मारला, तोंडाला मास्क लावून, अंगणात. पोपडे कागदात गुंडाळून टाकले. वरून वॉर्निश. मधूनमधून हिरवा रंग दिसतो, तो तसाच ठेवलाय. आवडतो मला.

खिडकीच का घेतली? या गजांसाठी. मखराला कापड लावायचं म्हणजे खिळे, टाचण्या, चिकटपट्टी. भिंतीचा रंग निघतो, साडीला भोकं पडतात. गजांना नुसती साडी ओवायची किंवा सुतळीनं बांधायची. एक खिळा लागत नाही. मागून दोन फळ्यांचा टेकू दिला आणि एका गजाचं वरचं टोक भिंतीतल्या हुकाला दोरीनं बांधलं. हे बांधणं चुकवू नका. आरतीला गर्दी होते, मुलं मागं शिरतात आणि ही चौकट जड आहे.

आता धोतर. आजच्या व्हिडिओचा खरा विषय हाच आहे, इथं जरा वेळ देऊ या.

डाग निघत नाही, मग रंगवायचं. सांगलीत राहून रंगवायचं तर कशानं? हळदीनं. आपल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, मार्केट यार्डावरून गेलं तरी वास लागतो. रंगवायला हळकुंडाची उंची पावडर नको. गड्डा हळद स्वस्त पडते, ती भरडून घ्या.

एक गोष्ट ऐका. नवीन कापडापेक्षा जुनं कापड हळद चांगली घेतं. नव्या सुती कापडात गिरणीची खळ असते, ती रंगाला आत शिरू देत नाही. वीस वर्षं धुतलेल्या धोतरात खळ उरलेलीच नसते. जुना पंचा, सुती पलंगपोस, नऊवारीचा विरलेला पदर, काहीही चालेल. फक्त सुती हवं.

सुती आहे की नाही कसं ओळखायचं? शिवणीतला एक धागा काढा, चिमट्यात धरा, बेसिनवर काडी लावा.

(धागा पेटवून दाखवते)

कागद जळल्यासारखा वास आला ना? आणि मऊ राखाडी राख. हे सूत. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरगाळली गेली तर रेशीम. आणि वितळून टोकाला कडक काळा मणी झाला तर पॉलिस्टर. पॉलिस्टरवर ही कृती करू नका, रंग धरणार नाही, हळद वाया.

रात्री कापड तुरटीच्या कोमट पाण्यात भिजत घालायचं. पाव किलो कापडाला ५० ग्रॅम हळद. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात पाच लिटर पाणी, त्यात हळद कालवून उकळी आणायची आणि गॅस बारीक करायचा. भिजलेलं कापड पिळून सोडायचं. कोरडं सोडलंत तर धब्बे पडतात. अर्धा तास, उलथन्यानं वरखाली करत. लोखंडी कढई घेऊ नका, रंग काळपटतो. मग बाहेर काढायचं, साध्या पाण्यात खळबळायचं आणि सावलीत वाळत घालायचं. साबण लावायचा नाही. का ते आता दाखवते, आणि हे मला दर वेळी नव्यानं आवडतं.

(वाळलेलं पिवळं धोतर टेबलावर पसरते, शेजारी वाटी ठेवते)

या वाटीत चुन्याची निवळी आहे. पानाला लावतो तो चुना, चमचाभर, ग्लासभर पाण्यात ढवळून तीन तास ठेवला. वरचं नितळ पाणी तेवढं घेतलंय. हातात मोजे घाला, डोळ्यांना लागू देऊ नका, मुलांना लांब बसवा. आणि ही भेंडी. जून झालेली, भाजीला उपयोग नाही अशी. देठाकडून आडवी कापली. भेंडी निवळीत बुडवायची, जादा पाणी झटकायचं आणि…

(ठसा मारते)

बघा! पाणी होतं बिनरंगाचं आणि कापडावर उमटलं लाल फूल. पाच पाकळ्यांचं. हळदीतला पिवळा रंग अल्कलीला लागला की लाल होतो. हळदीच्या डागाला साबण लावल्यावर तो लाल झालेला आपण सगळ्यांनीच पाहिलाय. जुन्या पद्धतीचं कुंकूही हळदीला चुन्याची जोड देऊनच करतात. म्हणजे गौरीच्या कपाळावर जे लागतं तेच तिच्या मागच्या पडद्यावर.

हा लाल आता भडक दिसतोय, वाळल्यावर विटकरी होईल आणि हवेत हळूहळू आणखी उतरेल. म्हणून छपाई आदल्या संध्याकाळीच करा, आठवडाभर आधी नको. एखादा ठसा चुकला तर घाबरू नका, वर लिंबाचा थेंब टाका, परत पिवळा होतो. फुलांमध्ये अंतर किती सोडायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी काठाला वाटीच्या कडेनं गोल उमटवले आणि मधे भेंडी. डागांच्या जागी जरा दाट मारलेत. डाग पूर्ण झाकले गेले नाहीत, पिवळ्यातून अजून दिसतात. सासूबाईंनी बघितले आणि म्हणाल्या, ‘राहू दे, त्यांचंच आहे.’ तसेच राहिले.

पितळेचं झटक्यात सांगते. भंगारवाल्याकडं समई, घंगाळ, तांब्या वजनावर मिळतो. जाताना छोटं लोहचुंबक घेऊन जा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वरून पितळी मुलामा, ते पितळेच्या भावानं घेऊ नका. घरी आणल्यावर चिंचेचा कोळ आणि मीठ, घासून स्वच्छ धुवायचं आणि लगेच कोरडं पुसायचं. ओलं राहिलं की परत काळं पडतं. भांड्याला आतून कल्हई असेल तर आत घासू नका. आणि कल्हई नसलेल्या पितळेत सजावटीनंतर आमटी, ताक, आंबट काही ठेवू नका.

गौरींसाठी स्टँड विकत आणतात, मी आणत नाही. आमच्याकडं जुनी रीत आहे, उतरंडीवर गौर उभी करायची. खाली धान्याचा मोठा डबा, त्यावर हंडा, त्यावर कळशी, सगळ्यांत वर मुखवटा. डब्यात तांदूळ भरलेला ठेवा, रिकामा नको. बूड जड असलं की हलत नाही. आणि गौरी तीन दिवसांच्या, अनुराधेला येतात, ज्येष्ठेला जेवतात, मुळावर जातात. चौथ्या दिवशी तो तांदूळ शिजतो. स्टँड असतं तर वर्षभर माळ्यावर पडलं असतं.

साडी नेसवताना कापू नका. हे मी हात जोडून सांगते. जुन्या इरकलीचे, नारायणपेठांचे काठ कापून तोरणं केलेली बघते तेव्हा वाईट वाटतं. दुमडा, निऱ्या घाला, सुतळीनं बांधा, साडी साडीच राहू द्या. जिचा मधला भाग खरंच फाटलाय, तिचेच काठ काढा. जरीवर इस्त्री करायची तर मधे सुती कापड ठेवून. प्लॅस्टिकची जर असली तर थेट इस्त्रीनं आकसते आणि मग काही करता येत नाही.

खाली अंथरायला बारदान. हळदीच्या पोत्याचं बारदान मिळालं तर फारच छान, वास महिनाभर जात नाही. पण ताग झटकन पेटतो. म्हणून समई आणि निरांजन कापडापासून, बारदानापासून निदान दोन हात लांब, पितळी ताटात ठेवून. ताटात थोडं पाणी घाला. वरच्या माळा एलईडीच्याच लावा, त्या फारशा तापत नाहीत. घरातून बाहेर पडताना प्लग काढून जा.

(तयार मखर दाखवते, कॅमेरा हळू फिरतो)

झालं. मागं खिडकी, गजांवर सासूबाईंची हिरवी इरकल ओवलेली, मधे धोतराचा पडदा, पुढं पाट. नवी एकच गोष्ट आहे, झेंडूची माळ. ती निर्माल्यात जाईल आणि तिथून अंगणातल्या खतात.

आता आवराआवर, कारण बहुतेक व्हिडिओ इथंच थांबतात आणि खरा पसारा इथून सुरू होतो. खिडकी स्वयंपाकघरात जाणार, आडवी टांगून गजांना आकडे अडकवून झारे, पळ्या, डाव लावायला. साडी कपाटात, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून. हंडा-कळशी पाण्याच्या जागेवर. पाट जेवायला.

आणि धोतर? आधी दोन वेळा साध्या पाण्यात धुवायचं, म्हणजे चुना निघतो. मग गच्चीवर भर उन्हात टाकायचं, दिवसच्या दिवस. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. रंगारी त्याला हळदीचा दोष मानतात, माझं मात्र त्यावरच काम होतं. पिवळा उतरत जातो, फुलं पुसट होतात, आणि दिवाळीपर्यंत उरतो फिकट सायीसारखा रंग. तेवढ्यावर ते आकाशकंदिलाला चढवते. बांबूच्या कामट्या रात्रभर भिजवून वाकवल्या, दोऱ्यानं बांधल्या, वर हे धोतर ताणून टाचलं, कापायचं नाही, आत एलईडीचा छोटा बल्ब. दिवाळी झाली की टाके उसवून परत घडी.

पुढच्या श्रावणात हे धोतर परत हळदीच्या पातेल्यात जाईल. यंदा भेंडीची फुलं मारली, पुढच्या वर्षी कमळकाकडीच्या चकतीचा ठसा करून बघायचाय. तुमच्याकडं असं एखादं डागाळलेलं धोतर, पंचा, पलंगपोस पडलं असेल तर आज तुरटीत भिजत घाला. उद्या सकाळी ऊन आहे तोवर रंगवून होईल.