व्याख्यानानंतरचे प्रश्न

संध्याकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, संपून अर्धा तास होत आला आहे. देवळातले दिवे मालवले जात आहेत आणि शेजारच्या सभागृहात खुर्च्यांच्या रांगा लागत आहेत. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, केळीच्या बागा आणि फुलांच्या वाड्या यांच्या मधोमध वसलेला हा एक धर्मग्राम, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील वस्ती, आहे. येथील जुनी माणसे चर्चला आजही देऊळच म्हणतात. सध्या ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ चालू आहे. राखेच्या बुधवारी, गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळी लावून घेताना ‘तू माती आहेस आणि मातीला मिळशील’ हे शब्द ज्यांनी ऐकले, तीच माणसे आज या काळातील तिसऱ्या व्याख्यानासाठी जमत आहेत. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची भक्ती असते; बुधवार व्याख्यानाचा.

दाराशी बाकावर बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवलेला आहे. त्याच्या झाकणाला चीर पाडलेली आहे आणि शेजारी दोऱ्याने बांधलेली पेन्सिल आहे. सर्वांसमोर उभे राहून विचारण्याचा ज्यांना संकोच वाटतो, त्यांनी आपला प्रश्न चिठ्ठीवर लिहून या डब्यात टाकावा, अशी येथील पद्धत आहे. काही चिठ्ठ्या वहीच्या फाडलेल्या पानाच्या असतात, तर काही फुलबाजारातून आलेल्या हिशेबाच्या पट्टीच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेल्या असतात. या संपूर्ण उपक्रमात आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला तो हा डबा, आणि पुढचे निवेदन त्यातल्या चिठ्ठ्यांच्या मागोमागच जाणार आहे.

व्याख्यान आणि प्रवचन यांतील फरक येथे सांगितला पाहिजे. रविवारच्या मिस्सेतील प्रवचन हा उपासनेचाच एक भाग असतो. त्या दिवशीच्या बायबल वाचनांचा अर्थ उलगडून दाखवणे हे त्याचे काम. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेनुसार ते याजकाने, म्हणजे धर्मगुरूने, किंवा त्याच्या खालच्या पायरीवरील उपयाजकानेच करावयाचे असते आणि ऐकणाऱ्याने मध्येच हात वर करण्याची तेथे सोय नसते. व्याख्यानाला हे बंधन नाही. तेथे शिक्षिका, वकील, डॉक्टर अशी प्रापंचिक माणसेही बोलू शकतात, विषय तासभर विस्ताराने मांडता येतो आणि श्रोत्याला उलट विचारता येते. पोप दहावे पायस यांनी १९०५ साली काढलेल्या परिपत्रकात प्रत्येक धर्मग्रामात मुलांसाठी दर रविवारी तासभर धर्मशिक्षण व्हावे असे फर्माविले होते, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्याच परिपत्रकात प्रौढांनाही, प्रवचनाव्यतिरिक्त, सोप्या भाषेत शिकवण समजावून द्यावी असे सांगितलेले आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात राहात नाही. बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा दृढीकरणाचा संस्कार झाला की धर्मशिक्षणाची वही बंद होते आणि मग संसार, नोकरी, आजारपण, वाटण्या यांतून उभे राहणारे खरे प्रश्न सोडवायला माणसाजवळ बालपणी पाठ केलेली उत्तरे तेवढी उरतात. ही उणीव भरून काढणे हेच या बुधवारांचे प्रयोजन आहे.

श्रोत्याने विचारावे आणि त्यातून शिकवण फुलावी, या गोष्टीला मराठीत चारशे वर्षांची परंपरा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट या धर्मसंघाचे इंग्रज सदस्य १५७९ साली गोव्यात आले आणि तेथील साष्टी भागात राहून त्यांनी रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. धर्मशिक्षणाचा पाठ संपल्यावर एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना विनवतो की, पूर्वीची पुराणे आता आम्हाला वर्ज्य झाली, तेव्हा त्यांच्या जागी वाचता येईल असे एखादे पुराण आमच्यासाठी व्हावे. जुने ग्रंथ ज्यांच्याकडून काढून घेतले गेले, त्यांच्या रिकामपणाची ती नोंद आहे आणि ती वाचताना आजही मन थबकते. त्या विनवणीला उत्तर म्हणून ओवी आली, आणि ‘भासांमाजि चोखळा’ अशी मराठीची थोरवी गाणारा तो ग्रंथ आला.

वसईच्या आजच्या सभागृहांपर्यंत येणारी वाट अलीकडची आहे. आज सत्तरी ओलांडलेल्या श्रोत्यांना लहानपणीची लॅटिन मिस्सा आठवते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज संमत केला, त्यानंतर वेदीवरची भाषा मराठी झाली आणि प्रार्थना नुसती म्हणण्याऐवजी तिचा अर्थ विचारण्याचा मार्ग मोकळा झाला. ‘सुवार्ता’ हे मासिक त्याआधीपासून, म्हणजे १९५५ पासून, मराठी ख्रिस्ती घरांत जात होते. १९९८ साली मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला आणि थॉमस डाबरे हे त्याचे पहिले बिशप झाले. दीर्घकाळ ‘सुवार्ता’चे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणले आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. अशा वातावरणात वाढलेला श्रोता वक्त्याकडून चांगल्या मराठीची अपेक्षा करतो. मात्र ती मराठी फार संस्कृतप्रचुर झाली की मागच्या रांगांतून कुजबुज सुरू होते, कारण घरी कोणी कादोडी ही इथली बोली बोलत असते, कोणी वाडवळी.

आता चिठ्ठ्यांकडे येऊ. पहिल्या व्याख्यानाचा विषय दहा आज्ञांपैकी तिसरी आज्ञा हा होता: प्रभूचा दिवस पवित्र पाळ. वक्त्यांनी विश्रांतीचा अर्थ, इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांना एक दिवस कामातून मोकळीक मिळण्याचे महत्त्व, हे सारे उत्तम रीतीने मांडले. त्यावर आलेल्या चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. मोगरा रविवार पाहून थांबत नाही. पहाटे चारला कळ्या खुडून पहिल्या गाडीने दादरला पोहोचवल्या नाहीत तर दुपारी त्या फुकट जातात. मग माझी मिस्सा चुकते, ते पाप धरावे काय?

या प्रश्नाला वक्त्यांनी घाईने उत्तर दिले नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथानुसार रविवारच्या मिस्सेत सहभागी होणे हे बंधनकारक आहे आणि पुरेशा कारणाशिवाय ते जाणूनबुजून टाळणे गंभीर मानले जाते, हे त्यांनी प्रथम स्पष्टपणे सांगितले. मग त्यांनी त्याच ग्रंथातील दुसरी बाजू उघडली: आजारपण, तान्ह्या बाळाची देखभाल यांसारख्या कारणांनी हे बंधन शिथिल होते, कुटुंबाच्या गरजेसाठी विश्रांतीचा नियमही मागे घेता येतो, आणि शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. पुढे त्यांनी जे सांगितले ते अधिक महत्त्वाचे होते. विनाकारण दुसऱ्याचा रविवार खर्ची पडेल अशी मागणी आपण करू नये, असेही शिकवण सांगते. म्हणून मळ्यात मजुरीला येणाऱ्या आदिवासी बाईला आठवड्यातून एक दिवस मोकळा मिळतो का, हा प्रश्न मोगऱ्याच्या मालकाने स्वतःला विचारला पाहिजे. सभागृहात काही क्षण कोणी बोलले नाही. विचारणारी सुटकेच्या आशेने आली होती. ती मिळाली, पण तिच्या जोडीला एक जबाबदारीही पदरात पडली.

दुसऱ्या बुधवारी प्रायश्चित्त संस्काराविषयी, म्हणजे धर्मगुरूंजवळ पापे कबूल करून क्षमा मागण्याविषयी, व्याख्यान झाले. देवालाच मनातल्या मनात सांगितले तर पुरत नाही का, हा नेहमीचा प्रश्न येणार हे ठरलेले होते आणि तो आला. वक्त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायाचा आधार घेतला, जेथे पुनरुत्थित येशू शिष्यांना पापांची क्षमा करण्याचा अधिकार देतो. पापसंकीर्तनात, म्हणजे त्या कबुलीत, ऐकलेली गोष्ट धर्मगुरू कोणत्याही परिस्थितीत, कोणालाही, अगदी न्यायालयालाही सांगू शकत नाहीत, हेही त्यांनी समजावून दिले. येथपर्यंत सारे ओळखीचे होते.

नंतर डब्यातून एक घडी घातलेली चिठ्ठी निघाली. तिच्यावर नाव नव्हते. वडील गेल्यावर वाडीची वाटणी झाली आणि त्यानंतर दर पावसाळ्यात मी बांध थोडा थोडा कोरत गेलो, आता भावाच्या बाजूची हातभर जमीन माझ्याकडे आली आहे, पापसंकीर्तनात मी हे सांगितले आहे, तरी जीवाला चैन का पडत नाही, असे त्या चिठ्ठीत विचारले होते. बांध कोरणे हा शब्दप्रयोग ज्याला समजावून सांगावा लागत नाही असे ते श्रोते होते. पुढच्या रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांनी मान खाली घातली आणि बराच वेळ ती वर केली नाही.

वक्त्यांनी उत्तरासाठी धर्मशिक्षणग्रंथ उघडून वाचला, कारण अशा ठिकाणी स्वतःचे शब्द वापरण्यापेक्षा छापील शब्द वाचलेले बरे, असे ते म्हणाले. क्षमेने पाप दूर होते, परंतु पापाने घडवलेली हानी आपोआप भरून निघत नाही. चोरलेली वस्तू परत करणे, बदनामी केली असेल तर दुसऱ्याचे नाव पुन्हा उजळ करणे, झालेल्या इजेची भरपाई करणे हे पश्चात्तापी माणसाचे काम राहते. याला परतफेड म्हणतात आणि ती ऐच्छिक नाही. मग त्यांनी मत्तयच्या पाचव्या अध्यायातील येशूचे वचन वाचले: तू आपले अर्पण वेदीपाशी आणत असताना तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तुला आठवले, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग येऊन अर्पण कर. ज्या गावात दोन सख्खे भाऊ एकाच मिस्सेत वेगवेगळ्या दारांनी ये-जा करतात, तेथे हे वचन ऐकणे सोपे नाही. ते सहज पचले, असा दावा आम्ही करणार नाही. चहाच्या वेळी त्या विषयावर कोणी काहीच बोलले नाही, आणि आमच्या दृष्टीने त्या मौनालाही अर्थ होता.

आजचे, म्हणजे तिसरे, व्याख्यान पाण्याविषयी आहे. पोप फ्रान्सिस यांचे सृष्टीच्या जतनाविषयीचे परिपत्रक २०१५ साली प्रसिद्ध झाले आणि सुरक्षित पिण्याचे पाणी मिळणे हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे त्यात निःसंदिग्धपणे म्हटले आहे. जगात इतरत्र या वाक्याकडे धोरण म्हणून पाहिले गेले असेल. वसईत मात्र त्याला स्मृतीची जोड मिळते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस येथील बागायती आणि विहिरी वाचवण्यासाठी हरित वसईची चळवळ उभी राहिली, फादर दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते, आणि इमारतींसाठी टँकर भरून नेल्या जाणाऱ्या विहिरींच्या पाण्याचा प्रश्न घराघरांत पोहोचला. समुद्र जवळ असलेल्या भूमीत गोडे पाणी बेसुमार उपसले की खारे पाणी आत सरकते, हे येथील शेतकऱ्याला कोणत्याही परिपत्रकाशिवाय समजते. म्हणूनच आज हात वर करून विचारला गेलेला प्रश्न थेट होता: माझ्या जमिनीतल्या विहिरीचे पाणी मी विकले, तर त्यात शेजाऱ्याचे काय गेले? वक्त्या भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी फळ्यावर दोन विहिरी आणि त्यांच्या खालून जाणारी पाण्याची एकच रेषा काढली. सृष्टीतील संपत्ती सर्वांसाठी निर्माण झाली आहे आणि खासगी मालकी त्या हेतूच्या अधीन असते, हे तत्त्व त्यांनी त्या आकृतीच्या आधाराने सांगितले. ज्यांना तत्त्व समजले नसेल त्यांना रेषा नक्कीच समजली.

या व्याख्यानांना तरुणांची उपस्थिती कमी असते, ही खंत आयोजक मोकळेपणाने बोलून दाखवतात. सायंकाळी साडेसातला मुंबईहून परतणारा मुलगा विरारच्या गाडीत उभा असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. काही धर्मग्रामांत व्याख्याने चित्रित करून परदेशी गेलेल्यांपर्यंत पोहोचवली जातात आणि ते चांगलेच आहे, परंतु डब्यात चिठ्ठी टाकणारा हात दूरच्या पडद्यापाशी नसतो. आम्हाला असेही वाटते की जे वक्ते सगळा वेळ स्वतः बोलण्यात घालवून प्रश्नांना पाच मिनिटे ठेवतात, त्यांच्या हातून, विद्वत्ता कितीही मोठी असली तरी, अर्धेच काम होते.

नऊ वाजत आले आहेत. खुर्च्या पुन्हा एकमेकींवर चढवल्या जात आहेत. प्रमुख धर्मगुरू डबा टेबलावर उपडा करतात आणि वेळेअभावी राहिलेल्या चिठ्ठ्या वाचून बाजूला लावतात. एक विवाहपूर्व शिबिराबद्दल आहे, एक आजारी माणसाच्या उपवासाबद्दल. तिच्यावर ते लगेच उत्तर लिहून टाकतात की उपवासाचा नियम अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पाऊल टाकेपर्यंतच्या निरोगी माणसांसाठी आहे. तिसरी चिठ्ठी ते दोनदा वाचतात. अक्षर वळणदार आहे. आईवडिलांच्या पश्चात भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागत आहेत, सही केली नाही तर माहेर तुटेल असे सगळे सांगतात, सही मागणे हे ‘चोरी करू नको’ या सातव्या आज्ञेत येते का, असे तिच्यात विचारले आहे.

पुढच्या बुधवारी येणार आहेत त्या वकील आहेत. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या ख्रिस्ती आईवडिलांच्या संपत्तीत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच असतो, हे त्या सांगतीलच. फादर ती चिठ्ठी घडी न घालता आपल्या रोजनिशीत, पुढच्या बुधवारच्या पानावर ठेवतात आणि दिवा मालवतात.