आजीपेक्षा धाकटा धूर

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं. पत्रिकेत विषय छापलाय, 'पोपची निवड आणि धुराचं रसायनशास्त्र'. छत्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यामुळे रसायनांपर्यंत मी पोचेनच, पण आधी एक तक्रार. २०२५ च्या मे महिन्यात नव्या पोपची निवड चालू होती तेव्हा टीव्हीवर जो तो सांगत होता, 'पांढऱ्या धुराची शेकडो वर्षांची परंपरा'. अहो, पांढरा धूर म्हणजे पोप निवडला गेला, हा संकेत १९१४ चा! माझ्या आजीचा जन्म १९०८ चा. म्हणजे ही परंपरा आमच्या आजीपेक्षा सहा वर्षांनी धाकटी. त्याआधी धूर दिसला की 'अजून ठरलं नाही' एवढंच व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चसमोरच्या चौकातले लोक समजायचे.

माझं म्हणणं असं की तो धूर मुळात निरोप नव्हताच. मतपत्रिका जाळायच्या त्या गुप्ततेसाठी. जाळलं की धूर होणार, आणि लोक वर बघणार. इथे वसईत बसलेल्या ख्रिस्ती मंडळींना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, पण नियमातच लिहिलंय की कार्डिनलने, म्हणजे पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूने, नाव शक्यतो ओळखू येणार नाही अशा अक्षरात लिहावं. हसू नका. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत चिठ्ठ्यांवर नावं लिहायची होती. माझा 'र' जरा वेगळा पडतो. तो कोणीतरी ओळखला, आणि पुढची दोन वर्षं माझ्या स्वयंपाकघराच्या छताची गळती कमिटीच्या एकाही सभेत विषयपत्रिकेवर आली नाही. त्या चिठ्ठ्या तेव्हाच बंबात घातल्या असत्या तर!

छतावरून आठवलं. इटलीत व्हितेर्बो नावाचं गाव आहे. तिथे १२६८ च्या नोव्हेंबरात पोप चौथे क्लेमेंट वारले आणि कार्डिनल नवा पोप निवडायला बसले. बसले ते बसलेच. फ्रेंच गट, इटालियन गट, एकमत नाही. वर्ष गेलं. गावकऱ्यांनी त्यांना राजवाड्यात कोंडलं. जेवण तोडून भाकरी-पाण्यावर आणलं. तरी ढिम्म. शेवटी छतच काढलं! म्हणतात की एक कार्डिनल स्वतःच थट्टेने बोलून गेला होता, छप्पर काढा, म्हणजे पवित्र आत्म्याला आत यायला वाट मिळेल. गावकऱ्यांनी ते मनावर घेतलं. आणि ही नुसती दंतकथा नव्हे बरं का. जून १२७० चं एक पत्र आहे, त्यावर ठिकाण म्हणून चक्क 'छप्पर नसलेल्या राजवाड्यातून' असं लिहिलंय. एवढं होऊनही निवड झाली १२७१ च्या १ सप्टेंबरला. आणि निवडलं कोणाला? जो तिथे नव्हताच त्याला! तेओबाल्दो व्हिस्कोंती धर्मयुद्धासाठी पार पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या आक्रेला गेलेले. कार्डिनल तर नव्हतेच, त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षासुद्धा मिळालेली नव्हती. ते व्हितेर्बोला पोचेपर्यंत पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी उजाडला. हेच दहावे ग्रेगरी. त्यांनी १२७४ मध्ये नियम केला: कोंडून घ्या, तीन दिवसांत निवड नाही झाली तर जेवणात एकच पदार्थ, आणखी पाच दिवस गेले तर भाकरी, पाणी आणि वाइन. वाइन ठेवली, हे लक्षात घ्या. पोप निवडायच्या या बैठकीला 'कॉन्क्लेव्ह' म्हणतात, म्हणजे किल्लीने बंद केलेली खोली, ती या अर्थाने.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली. मग १९५८ घेतो. २६ ऑक्टोबरला धूर पांढरा दिसला, लोकांनी जल्लोष केला, रेडिओने पोप निवडल्याचं सांगूनही टाकलं, आणि मग धूर काळा झाला, म्हणजे अजून निवड नाही. मुंबईचे कार्डिनल व्हेलेरियन ग्रेशियस त्या वेळी आत मतदान करत होते. कारण असं सांगतात की काळ्या धुरासाठी घातलेला ओला पेंढा नीट पेटला नाही. ओल्या पेंढ्याचा धूर काळा होईल, ही अपेक्षाच बंब न पेटवलेल्या माणसाची! आमच्या आजीने सांगितलं असतं, ओलं घातलं की पांढरा लोट येतो आणि डोळे चुरचुरतात. नवे पोप तेविसावे जॉन झाले ते २८ तारखेला.

आता रसायनं, भराभर. २००५ पासून दोन भट्ट्या. जुन्या बिडाच्या भट्टीत मतपत्रिका जळतात, ती १९३९ पासूनची. दुसरीत रसायनांची कांडी. २०१३ मध्ये व्हॅटिकनने घटक सांगितले: काळ्यासाठी पोटॅशियम परक्लोरेट, अँथ्रासीन आणि गंधक. अँथ्रासीन डांबरातलं, अर्धवट जळून काजळी सोडतं. पांढऱ्यासाठी पोटॅशियम क्लोरेट, लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, आणि राळ. धुराची नळी आधी तापवतात, शिवाय पंखा तयार ठेवतात. तरी २००५ मध्ये धूर आधी करडाच वाटला, म्हणून सेंट पीटर्सच्या घंटा वाजवायची पद्धत त्या वर्षापासून. ८ मे २०२५ ला १३३ जणांत ८९ मतं हवी होती. चौथ्या फेरीत चौदावे लिओ निवडले गेले. गोव्याचे फिलिप नेरी फेर्रांव मतदारांत होते. मुंबईचे ऑस्वाल्ड ग्रेशियस ऐंशी ओलांडल्यामुळे नव्हते.

मोबाइलच्या जमान्यात धूर कशाला, हा मुख्य मुद्दा राहिला. थोडक्यात, आतले मोबाइल काढून घेतलेले असतात, जॅमर लावलेले असतात, आणि चिठ्ठ्या तर जाळायच्याच आहेत. सेक्रेटरींनी टेबलावरची घंटा वाजवलीये, थांबतो. लॅक्टोजबद्दल कोणाला काही विचारायचं असेल तर चहाला भेटू, त्यात दूध आहे.