कर्क

कर्क. पत्रिकेतली रास नव्हे. स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेत चर्चला कर्क म्हणतात. शब्द आला नॉर्समधून, म्हणजे व्हायकिंगांच्या बोलीतून.

आडनावांत तो जागोजागी भेटतो. कर्क, कर्कवुड, कर्कपॅट्रिक. कुणाचं घर चर्चला लागून, तर कुणाचं मूळ गावच त्या नावाचं, आपल्या ‘कर’वाल्यांसारखं. कर्कॉडी गावात मात्र कर्क शोधायला जाऊ नका, तिथे जुन्या भाषेतला ‘किल्ला’ दडलाय.

कर्कपॅट्रिकांचं बोधवाक्य आहे, ‘मी खात्री करतो’. 1306 मध्ये डमफ्रीझच्या चर्चमध्ये पुढे स्कॉटलंडचा राजा झालेल्या रॉबर्ट ब्रूसनं गादीचा प्रतिस्पर्धी जॉन कॉमिनवर वार केला. बाहेर येऊन म्हणाला, मेला असावा. ‘असावा?’ म्हणत कर्कपॅट्रिक खंजीर घेऊन आत गेला. आख्यायिका आहे, पण घराण्यानं मिरवली.

1560 च्या धर्मसुधारणेनंतर कर्क म्हणजे नुसती इमारत राहिली नाही. पाद्री आणि गावचे वडीलधारे यांची पंचायत बसू लागली: कर्क सेशन. कोण कुणाबरोबर दिसलं, रविवारी कोण पिऊन पडलं, सगळ्याची नोंद. दोषी ठरलेल्याला व्यासपीठासमोरच्या उंच स्टुलावर बसवायचे. पाठ वळवायची सोय नाही, अख्खा गाव समोर. दंडही व्हायचा, पण खरी शिक्षा नजरेची होती.

1695 मध्ये लार्गो गावच्या एका पोराला चर्चमधल्या गैरवर्तनाबद्दल बोलावणं आलं. तो हजरच झाला नाही; समुद्रावर निघून गेला होता. नाव अलेक्झांडर सेलकर्क. आडनावातही कर्क! पुढे निर्जन बेटावर चार वर्षं एकटा राहिला तो हाच.

कवी रॉबर्ट बर्न्स मात्र पळाला नाही. जीन आर्मरला लग्नाआधी दिवस गेले, म्हणून 1786 मध्ये मॉक्लिनच्या कर्कमध्ये त्यानं चारचौघांत बोलणी खाल्ली. मग लेखणीनं उट्टं काढलं. ‘टॅम ओ’ शँटर’मध्ये अ‍ॅलोवेच्या पडक्या कर्कमध्ये चेटकिणी नाचतात आणि सैतान स्वतः बॅगपाइप वाजवतो. बर्न्सचे वडील त्याच आवारात पुरलेले आहेत, हे विशेष. लोकगीतांची एक जुनी चाल तर ‘कर्क मला सोडेल तर बरं’ याच नावाची!

1843 मध्ये चारशेहून अधिक पाद्री स्वतःच कर्क, म्हणजे स्कॉटलंडचं अधिकृत चर्च, सोडून बाहेर पडले. भांडण होतं गावचा पाद्री कुणी नेमायचा याचं: जमीनदारानं की गावानं. त्यांनी फ्री चर्च उभारलं. चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते मुंबईचे मिशनरी जॉन विल्सनही त्यांच्याच बाजूनं गेले.