आईची चूल आणि मामाची मांडी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे नवरीला बोहल्याशी आणायचा मान मामाचा. आज ज्या घरात आपण जाणार आहोत, तिथं मामाचं काम एका दिवसाच्या मानावर भागत नाही. भाच्याला तोच न्हाऊ-माखू घालतो आणि तोच वाढवतो.

चीनमध्ये युन्नान आणि सिचुआन प्रांतांच्या सीमेवर, सुमारे २,७०० मीटर उंचीवर लुगू सरोवर आहे. त्याच्या काठी आणि आसपासच्या डोंगरांत मोसुओ लोक राहतात, साधारण ४०,०००. त्यांच्या पुष्कळ वस्त्यांत वंश आईकडून चालतो, काहींत बापाकडून. आपण जाणार ते घर आईकडून वंश चालणारं. मुलगी सासरी जात नाही आणि मुलगाही घर सोडत नाही. आजी, तिची मुलं-मुली, मुलींची मुलं, सारे एकाच चुलीभोवती. ती चूल आजीच्या खोलीत असते आणि तिथं दोन खांब असतात, एक बायकांचा, एक पुरुषांचा. तेराव्या वर्षी मुलगी आपल्या खांबापाशी उभी राहून पहिल्यांदा घागरा नेसते, मुलगा आपल्या खांबापाशी पहिली विजार घालतो. तिथून ती दोघं मोठ्यांत जमा.

मग मुलीला स्वतःची खोली मिळते. तिच्या मनातला पुरुष रात्री येतो, पहाटे आपल्या आईच्या घरी परततो. या नात्याला ते ‘सेसे’ म्हणतात, म्हणजे ये-जा. बाहेरच्यांनी यावरच किती चविष्ट लिहिलं! मला त्याचा राग येतो. पुष्कळ जोडपी वर्षानुवर्षं एकमेकांशी बांधलेली असतात, आणि मुलाला आपला बाप कोण हे बहुतेक वेळा ठाऊक असतं. मूल महिन्याचं झालं की बापाकडची माणसं भेटी घेऊन येतात.

घराचा कारभार ‘दाबू’ पाहते. धान्य, पैसा, कामाची वाटणी तिच्या हाती. थोरलीच दाबू होते असं नाही, जिच्या अंगी धमक असेल ती होते. पण शेतात राबणं आणि चुलीपाशी खपणंही बायकांच्याच वाट्याला येतं. व्यापार, जनावर कापणं, अंत्यविधी ही कामं पुरुषांची. आणि पूर्वीच्या सरदार घराण्यांत तर वारसा बापाकडूनच जाई. म्हणून याला ‘बायकांचं राज्य’ म्हणू नका.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी आईकडून वंश चालणारी आणि बापाकडून वंश चालणारी अशा दोन्ही प्रकारच्या मोसुओ वस्त्यांची तपासणी केली. बापाकडून वंश चालणाऱ्या वस्त्यांत रक्तदाबाचा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना अधिक होता. आईकडून वंश चालणाऱ्या वस्त्यांत तसं नव्हतं. माहेर न तुटणं काय असतं, ते त्या बायकांच्या रक्तात दिसलं.

माओच्या राजवटीत, १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, सरकारनं या लोकांवर लग्नं लादली. दडपण सैल झाल्यावर अनेक जण पुन्हा आपापल्या आईच्या घरी परतले. आज तिथं पर्यटक येतात, तरुण शहरात नोकरीला जातात, लग्नाची नोंदणीही करतात. नवीन वर्षाला मात्र त्यातले कितीतरी जण आजीच्या खोलीत येऊन बसतात, भाचरांना मांडीवर घेऊन.