दोघी दोघी कशाला जाता?

(३ जानेवारीला बालिका दिनानिमित्त तालुक्याच्या गावी शिक्षक, पालक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांच्या सदस्यांपुढे केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

शिक्षक बंधुभगिनींनो, आणि शनिवारची कामं बाजूला ठेवून आलेल्या आयांनो,

आपल्या शाळेत पोरांना पहिलीतच एक खूण कळते. करंगळी वर केली की बाई समजतात, लघवीला जायचंय. दोन बोटं दाखवली की दोन नंबर. ही खूण मला फार आवडते. तोंडानं काही बोलावं लागत नाही आणि कुणी कुणाला हसत नाही. पण सहावी-सातवीतल्या एखाद्या मुलीला गणिताच्या तासाला बसल्या जागी कळलं की आपली पाळी आलीय, तर तिनं कोणतं बोट दाखवायचं? करंगळी दाखवली की सर म्हणतात, "आत्ताच तर सुट्टी झाली." थोड्या वेळानं पुन्हा दाखवली की, "तुझंच काय गं सारखं सारखं?" मग सगळा वर्ग मागे वळून बघतो. ती खाली बसते आणि पुढचे दोन तास हलत नाही.

मी माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. मुलींच्या स्वच्छतागृहांवर बोलायचं म्हटलं की आपण विटा, सिमेंट, निधी इथून सुरुवात करतो. मी आज त्या दाराशी जे नियम उभे असतात त्यांच्याबद्दल बोलणार आहे. ते नियम आपण शिक्षकांनी केलेत. मीही केलेत.

नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी माझ्याकडे आठवीचा वर्ग होता. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला कुणालाही बाहेर सोडायचं नाही, असा माझा नियम होता. एका मुलीनं विचारलं, मी नाही म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. तास संपला, पोरं खेळाच्या तासाला मैदानावर गेली, ती मात्र बाकावरच. दफ्तर मांडीवर घट्ट धरलेलं. मी म्हटलं, "चल की गं." ती उठेना. जवळ गेले तर बाकाखाली पाणी सांडलेलं. तिनं वहीच्या मधली कोरी पानं फाडली होती, ती बाटलीतल्या पाण्यात भिजवून बसल्या बसल्या, कुणाला दिसू न देता, बाक पुसत होती. पानांचा लगदा झाला होता, तो तिनं कंपासपेटीत कोंबला होता. माझ्याकडे बघून ती एवढंच म्हणाली, "बाई, बाक पुसलाय मी." तिला वाटलं, मी बाक खराब केला म्हणून रागावणार. मी माझी शाल तिच्या कमरेला बांधली आणि तिला घरी पोचवलं. पुढे ती माझ्याच वर्गात दोन वर्षं होती. त्या दोन वर्षांत तिनं मला बाहेर जाऊ का म्हणून एकदाही विचारलं नाही.

त्यानंतर मी शाळेतले बाकीचे नियमही नीट बघायला लागले.

पहिला नियम कुलपाचा. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आणि किल्ली ऑफिसात, क्लार्कच्या टेबलामागच्या खिळ्याला. हे कुणी दुष्टपणानं केलेलं नसतं हे मी मान्य करते. शाळा सुटल्यावर बाहेरची माणसं येऊन घाण करतात, नळाच्या तोट्या चोरीला जातात, रविवारी आवारात पत्ते आणि बाटल्या चालतात. मुख्याध्यापकांना ते सगळं निस्तरावं लागतं. पण कुलूप पडतं ते त्या माणसांसाठी, आणि किल्ली मागायला लागते बारा वर्षांच्या मुलीला, ऑफिसात बसलेल्या चार पुरुषांसमोर. ती मागत नाही. शाळा सुटल्यावर कुलूप लावा आणि सकाळी पहिल्या घंटेआधी काढा. दिवसभर किल्लीचा विषयच निघायला नको.

दुसरा नियम म्हणजे "एका वेळी एकीनंच जायचं." दोघी निघाल्या की आपण हटकतो, "दोघी दोघी कशाला जाता? गप्पा मारायला?" हा प्रश्न मी शेकडो वेळा विचारलाय. एकदा दहावीतल्या एका मुलीनं उत्तर दिलं, "बाई, आतून कडी नाही. दार धरायला कुणीतरी लागतं." मी त्याच शाळेत अकरा वर्षं होते आणि त्या दाराला कडी नाही हे मला माहीत नव्हतं, कारण आम्ही शिक्षिका स्टाफरूमशेजारचं वापरायचो. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेरून दार ओढून धरायचं, पाळी असली तर तिसरीनं हौदावरून बादली आणायची. या तिघींची व्यवस्था आपण बेशिस्त म्हणून मोडत होतो.

आयांना एक विचारते. तुमच्या मुलीची पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेली परत येते का? बऱ्याच जणी माना हलवताय. तिला तहान लागत नाही असं नाही. पाणी प्यायलं तर जावं लागेल, म्हणून ती पीत नाही. उन्हाळ्यातसुद्धा. लघवी तुंबवून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, ताप येतो, आणि आपण म्हणतो ऊन लागलं. पाळीचा हिशोब तर अजून सरळ आहे. पॅड असो की कापडाची धुतलेली घडी, चार ते सहा तासांनी बदलायला हवी. साडेदहाची शाळा गाठायला वस्तीवरची मुलगी नऊला घर सोडते, एसटी धरून सहाला परतते. नऊ तास झाले. मधे बदलायला जागा नसेल तर ती काय करणार? त्या चार दिवसांत घरी राहणार. "पोट दुखत होतं" अशी चिठ्ठी येते आणि आपण ती हजेरीला टाचून ठेवतो.

काही शिक्षक म्हणतात, तारीख माहीत असते ना, तयारीनं यावं. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं ती नियमित नसते. कधी तीन आठवड्यांनी येते, कधी दोन महिने येतच नाही. काही मुलींना तर पाचवीतच येते, आणि आलं ते काय आहे हेही त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ऋतुचक्राचा भाग आहे, पण तोवर मुलीनं चार वर्षं काढलेली असतात. आणि तो भाग "घरी वाचून या" म्हणून सोडणारे आपल्यातच आहेत.

कायदा कमी पडत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह लिहिलेलं आहे. ३ ऑक्टोबर २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना सहा महिन्यांत शाळांमधून पाणी आणि स्वच्छतागृहांची सोय करायला सांगितलं. २०१४ नंतर वर्षभरात देशातल्या २ लाख ६१ हजार शाळांत ४ लाख १७ हजार स्वच्छतागृहं बांधल्याचं केंद्र सरकारनं जाहीर केलं. त्यातली सरकारी कंपन्यांनी बांधलेली काही, सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या लोकांनी १५ राज्यांत जाऊन पाहिली, त्याचा अहवाल २०२० साली आला. उभी असलेली २,३२६ तपासली, तर ३० टक्के वापरात नव्हती आणि ७२ टक्क्यांच्या आत नळाचं पाणी नव्हतं. आपल्या राज्यात ८ मार्च २०१८ ला अस्मिता योजना सुरू झाली, जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना ५ रुपयांत आठ पॅडचं पाकीट. योजना चांगली. पण पाकीट हातात आहे आणि ते जिथे उघडायचं तिथलं दारच बंद होत नाही, तर ते दफ्तरातच राहतं.

आता जे बोलायचंय ते बोलताना मला त्रास होतो. २०२५ च्या जुलैत ठाणे जिल्ह्यात शहापूरला एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. तक्रारीत आलंय ते असं: पाचवी ते दहावीच्या मुलींना एकत्र बोलावलं, डागांचे फोटो पडद्यावर दाखवले, कुणाला पाळी आहे ते विचारलं, आणि ज्या नाही म्हणाल्या त्यांतल्या काहींना आत नेऊन कपडे काढायला लावून तपासलं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिका आणि एका महिला कर्मचाऱ्याला अटक झाली. खटल्याचं काम न्यायालय बघेल. मला तुमचं लक्ष वेधायचंय ते सुरुवातीकडे. सुरुवात डागापासून झाली. लादीवर रक्ताचा डाग दिसला की आपल्या तोंडून पहिला प्रश्न येतो, "कुणी केलं?" तिथे यायला हवा तो दुसरा प्रश्न, "आत पाणी होतं का?" बादली भरलेली असती आणि तांब्या असता तर त्या मुलीनं ती जागा स्वतः धुतली असती. आपल्या घरी आपण सगळ्या धुतोच की.

आणि असल्या चौकश्या लहान प्रमाणात रोज होतात. मुलगी खेळाच्या तासाला बसून राहिली की सगळ्यांसमोर, "काय, अडचण आहे का?" पॅड द्यायचं तर रजिस्टर: नाव, इयत्ता, सही. ते रजिस्टर वर्गप्रतिनिधी मुलगा ऑफिसात नेऊन देतो आणि जिन्यात उभा राहून वाचतो. मोजायचंच असेल तर पाकिटं मोजा. महिन्याला किती आणली, किती उरली. कुणाची ती गेली याच्याशी लेखापरीक्षणाचा काही संबंध नाही.

हे फक्त आपल्या गरिबीमुळे होतं असंही समजू नका. इंग्लंडमधल्या शाळांत पाणी चोवीस तास, पण तास चालू असताना स्वच्छतागृहं बंद ठेवायची तिथेही पद्धत पडली, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत कित्येक शाळांतली मुलं त्याविरुद्ध वर्गाबाहेर येऊन उभी राहिली. तिकडे काही ठिकाणी खास पास देतात. आमच्याकडेही एका बैठकीत ही सूचना आली होती, पाळीच्या मुलींना गुलाबी कार्ड द्यावं. मी विरोध केला. कार्ड हातात घेतलं की अख्ख्या वर्गाला तारीख कळली.

शेवटी आम्ही काय केलं ते सांगते, म्हणजे उद्या तुम्हाला करता येईल. सुताराकडून प्रत्येक वर्गासाठी हातभर लांबीच्या पट्ट्या करून घेतल्या, दोरी ओवून दाराशेजारच्या खिळ्याला टांगल्या. ज्याला जायचं त्यानं उठायचं, पट्टी घ्यायची, जायचं, परत येऊन टांगायची. मुलगा असो, मुलगी असो. विचारायचं नाही, सांगायचं नाही, करंगळीसुद्धा नको. पट्टी जागेवर नसेल तर थांबायचं. मुलींसाठी पट्ट्या दोन, म्हणजे सोबत नेता येते. शिक्षकांना भीती होती की पोरं दिवसभर पट्टी घेऊन हिंडतील. पहिले आठ-दहा दिवस हिंडली. मग नवलाई संपली. सगळ्यात हायसं कुणाला वाटलं असेल तर पुरुष शिक्षकांना. एक सर मला म्हणाले, "बाई, मला कळायचं हो काय आहे ते, पण विचारावं कसं आणि नाही विचारावं कसं, हेच कळत नव्हतं."

बाकीचं फुटकळ वाटेल, पण त्यावरच सगळं अडतं. आतून लागणारी कडी. आतल्या बाजूला एक खिळा, कारण सलवार आणि ओढणी ओल्या जमिनीवर ठेवता येत नाही. झाकणाचा डबा प्रत्येक खोलीत, दाराबाहेर नको. बाहेर ठेवला की हातात पुडी घेऊन चारचौघींतून यावं लागतं, म्हणून मुली ती खिडकीच्या झडपेत किंवा भांड्यात टाकतात आणि नळी तुंबते. डब्याशेजारी रद्दीचे कापलेले कागद. पॅडची चार-पाच पाकिटं आतच, कापडी पिशवीत टांगलेली, कपाटात कुलुपाखाली नकोत. आणि डबा रिकामा करणाऱ्या मावशींना हातमोजे. त्याही बाईच आहेत, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. त्यांना डबा उचलायला लावताना आपण तोंड फिरवतो हे त्यांना दिसतं.

पैशाचं विचाराल तर समग्र शिक्षा अभियानाच्या संयुक्त शाळा अनुदानातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. शंभरच्या आत पट असलेल्या शाळेला ते अनुदान २५ हजारांपर्यंत मिळतं, म्हणजे अडीच हजार. कडी, खिळे, डबे, पट्ट्या त्यात होऊन उरतात. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती २०२२ च्या शासन निर्णयानं प्रत्येक शाळेत असायला हवी. तिची पुढची बैठक ऑफिसात घेऊ नका, मुलींच्या स्वच्छतागृहासमोर उभ्यानं घ्या.

सकाळी इथे आल्या आल्या मी या शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन आले. स्वच्छ आहे. पाणी आहे, बादली आहे, दाराला नवी स्टीलची कडी आहे. मी बाहेर आले तेव्हा पाचवीतली एक चिमुरडी आत जायला थांबली होती, आणि तिच्यासोबत तिची मैत्रीण. मी सवयीनं विचारलं, "दोघी कशाला गं?" ती म्हणाली, "माझा हात पोचत नाही कडीला." बघितलं तर कडी माझ्या खांद्याच्या उंचीवर बसवलीय. मुख्याध्यापकांना दाखवली. त्यांनी तिथेच सुताराला फोन लावला, सोमवारी तो खाली दुसरी कडी बसवायला येतोय.